नावाची जागा

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी बँजो, कीबोर्ड, ढोलकी, दोन्ही स्पीकर आन मिक्सर अंगणात मांडून पूजा केली. मिक्सरला कुंकू लावू नका, आत जातंय, असं रुख्मिणी म्हणत होती. लावलं. एक चॅनल गेला. एका चॅनलनं काय अडत न्हाई.

नवी डायरी सुरू. संकल्प असे की रोज रियाज करायचा आन तंबाखू बंद. डायरीत खोटं लिहायचं न्हाई, कारण वाचणार कोण, मीच. आन सगळ्यात मोठा संकल्प, यंदा असं एक गाणं काढायचं की परभणीपासून सोनपेठपर्यंत एक वरात त्याच्याबिगर हलली न्हाई पाहिजे. 'सिंगर गोपीचंद पेडगावकर' हे नाव आत्तापर्यंत फक्त आमच्या बँजो पार्टीच्या टेम्पोवर हाय. तेबी मागच्या बाजूनं, चिखलाखाली.

हे सगळं लेकीसाठी. अपेक्षा अकरावी सायन्सला हाय, परभणीला. आमच्या खानदानात सायन्सला गेलेलं पहिलं माणूस. सकाळी फाट्यावरून पोरींची निळी बस पकडती, संध्याकाळी येती, आन जेवता जेवता मला पेशी म्हंजी काय ते सांगती. मला कळत न्हाई, मी मान डोलावतो. तिला डॉक्टर करायचं.

सोनं वाटताना एक चिमूट तंबाखू खाल्ली. सणाची धरत न्हाईत.

५ ऑक्टोबर

झालं! गाणं झालं! म्हशीला पाणी पाजता पाजता सुचलं. बादली तिथंच टाकून घरात पळालो.

अमुक गं अमुक, लाजतीस काय,
तुझं न्हाई म्हंजी हाय गं, न्हाई म्हंजी हाय!

सगळी कला त्या 'अमुक'मधी हाय. हळदीला तिथं नवरीचं नाव बसवायचं, बारशाला बाळाचं, पुढाऱ्याच्या बर्थडेला पुढाऱ्याचं. गाणं एकच, माणूस दुसरं. याला मी नावाची जागा म्हणतो. जिल्ह्यात बाकीचे गाणारे आधी नाव घालतात आन मग गाणं त्याच्यावर ओढूनताणून बसवतात. मी जागा रिकामी ठेवतो. येईल तो आपलं नाव घेऊन येईल.

चाल विसरू नये म्हून लगेच मोबाईलवर ट्रायल घेतली. नाव कुणाचं घालावं? रुख्मिणीचं घातलं, लांबलं. आक्काचं, म्हंजी छबूबाई घातलं, मलाच हसू आलं. अपेक्षा घातलं आन काय बसलं म्हणता! मधी एकदा ठसका लागला, मागं कुकरनं शिट्टी दिली, पण आवाज असा लागला की ट्रायल तशीच बन्सीधरला पाठवली. बन्सीधरचा परभणीत रेकॉर्डिंगचा गाळा हाय, माझी गाणी तोच यूट्यूबला टाकतो. त्याचा रिप्लाय आला, आग! म्होरं आगीची चित्रं.

अपेक्षा कॉलेजला होती. तिला सांगायची काय गरज न्हाई. ट्रायल ती ट्रायल, पुसली की गेली.

स्टेपबी बसवली. 'हाय' आलं की उजव्या हातानं डावं मनगट धरायचं आन झटक्यात आपल्याकडं ओढायचं. आरशात बघितली. जमली.

१२ ऑक्टोबर

पिंगळी स्टेशनवर शूटिंग. हिरो मीच. या वयात कशाला, असं रुख्मिणी म्हणाली. टोप लावला. हिरोईन मनगट ओढू देईना. नको म्हणाली म्हंजी नकोच म्हणाली, अडूनच बसली. मग मी माझंच मनगट ओढलं. उलट तेच हिट जाईल असं बन्सीधर म्हणतो.

गाण्याबरोबर नुसतं म्युझिकबी सोडलं. खाली लिहिलं, 'तुमच्या तिचं नाव टाका'. ही आयडिया माझी.

२२ ऑक्टोबर, पाडवा

वाजलं! फटाक्यांपेक्षा माझं गाणं जास्त वाजायलंय. टपरीवर, गिरणीत, दवाखान्यात कंपाउंडरच्या मोबाईलला. ज्यानं त्यानं आपापलं नाव घातलंय. पोरं रस्त्यानं मनगटं ओढत चाललीत. एवढंएवढं पोरगं, आई दूध पी म्हणली की न्हाई म्हंजी हाय म्हणतंय. घराघरात पोचलो.

शेजारच्या भगवानरावांचा भागवत बारावीला हाय. आत्तापर्यंत मला बघून खाली मान घालून काका म्हणायचा. आता सर म्हणतो, पाया पडतो. केसबी व्हिडिओतल्या माझ्यासारखे कापून आणलेत. तो टोप होता हे त्याला कशाला सांगा.

अपेक्षाला विचारलं कसं वाटलं. चाल चांगली हाय म्हणाली. शब्दांबद्दल काय बोलली न्हाई. सायन्सवाल्यांना शब्दातलं कळत न्हाई.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आक्का सोनपेठहून आली. ओवाळता ओवाळताच सुरू झाली. गोप्या, तुझ्या गाण्यानं बाजारात पोरींना चालायची चोरी झालीय, टारगट पोरं मनगटाला हात घालायलेत. मी शांतपणे समजावलं की गाणं हे गाणं असतंय. गाण्यानं, पिक्चरनं कुणी बिघडत न्हाई. ज्याला बिघडायचं तो भजन ऐकूनबी बिघडतो. मी लहानपणी मारामारीचे एवढे पिक्चर बघितले, कुणाचा मुडदा पाडला का? आक्का म्हणाली, एक बघून आलतास आन कडब्याच्या गंजीवरून उडी मारून हात मोडून घेतलतास.

ती गोष्ट वेगळी. गंजीच नीट रचलेली नव्हती.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या. अपेक्षाचं पोट दुखायलंय, गेली न्हाई. ओवा दिला. तंबाखू उद्यापासून.

६ नोव्हेंबर

पोट अजून दुखायलंय. ओवा संपला. लग्नाच्या तारखा धडाधड लागायल्यात. दोन पार्ट्यांनी तर मुहूर्त नंतर काढला, आधी मला फोन केला.

१० नोव्हेंबर

गेली एकदाची कॉलेजला. रुख्मिणी म्हणती, फाट्यावर थांबत न्हाई, शेतातल्या वाटेनं पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायलीय. पऱ्हाट्या ओलांडून, चिखलातून, हातात चपला घेऊन. तुमी एकदा विचारा की कामून. विचारतो म्हणलं. चालणं तब्येतीला चांगलंच असतंय.

१४ नोव्हेंबर, बालदिन

गावातल्या शाळेत प्रमुख पाहुणा! विषय होता माध्यमं, संगीत आन आजचा विद्यार्थी. फेटा बांधला. फोटो आक्काला पाठवला.

भाषण दणक्यात झालं. म्हणलं, बाळांनो, गाण्यात लय ताकद असती. गाणं माणूस घडवतंय. ग्रामपंचायतीसाठी मी स्वच्छतेचं गाणं केलतं, ते ऐकून गाव बदललं. टाळ्या पडल्या. भाऊबीजेला आक्काला जे सांगितलं त्याच्याशी हे जुळत न्हाई असं आत्ता लिहिताना वाटायलंय. पण ते घरगुती बोलणं होतं, हे जाहीर.

चहाच्या येळेला प्रियदर्शनी मॅडमनी बाजूला घेतलं. त्या मुख्याध्यापिका हायत, अपेक्षा दहावीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकली. म्हणाल्या, सहावीतल्या एकानं वर्गातल्या पोरीचं मनगट धरलं. ती सोड म्हणाली. हा हसत न्हाई म्हंजी हाय म्हणत राहिला. त्याला रागावले तर खरंच गोंधळलं हो ते लेकरू, मला म्हणतंय, मॅडम, गाण्यात तसंच हाय की. तुमी दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील.

जरूर म्हणलं. माईक घेतला. पोरं ओरडायला लागली, गाणं! गाणं! त्यांना शांत करायला एकच कडवं म्हणायचं ठरवलं. सगळं झालं. स्टेपसकट. सहावीचं ते लेकरू पहिल्याच रांगेत होतं, सगळ्यात भारी तेच ओढत होतं.

मॅडम आभार मानायला उठल्या न्हाईत. भारावल्या असतील.

घरी जेवण गेलं न्हाई. शाळेतली भजी बाधली.

१८ नोव्हेंबर

नवीनच फॅड निघालंय. अपेक्षानं तिच्या आईला सांगितलं की मला घरात नावानं हाक मारू नका. रुख्मिणी आता तिला बाई म्हणती. कॉलेजच्या पोरींचं काय सांगता येत न्हाई म्हणलं, एखादं स्टायलिश नाव ठेवून घ्यायचं असंल.

संध्याकाळी विसरून अंगणातून हाक मारली. अपेक्षा! तर रस्त्यावरून कुणीतरी पुढचं म्हणलं. गं अपेक्षा, लाजतीस काय. आन मोटारसायकल निघून गेली.

पहिल्यांदा बरंच वाटलं. पब्लिकला चाल पाठ झालीय. मग घरात बघितलं तर अपेक्षा पुस्तकात तोंड घालून बसली होती. पान मात्र उलटत नव्हती.

छातीत जळजळ. ओवा आणला पाहिजे.

२२ नोव्हेंबर

उसाचं ट्रॅक्टर चाललं होतं कारखान्याला, त्याच्यावर एवढे मोठे स्पीकर. माझं गाणं. थांबून ऐकलं. अपेक्षा गं अपेक्षा. कुण्यातरी पोरानं आमच्या पोरीचं नाव घातलंय तर. गावात या नावाची दुसरी पोरगी न्हाई. टाळकं फिरलं. कोण हाय ते शोधून त्याला उभा चिरतो, असं तिथंच ठरवलं.

आवाज जरा माझ्यासारखा होता. नक्कल करायलेत. मोठ्या कलाकाराची नक्कल होतीच.

मधी ठसका होता. लोक ठसक्याचीबी नक्कल करायलेत म्हंजी कमाल हाय.

मग कुकरची शिट्टी.

कुकर काय सगळ्यांच्याच घरी असतो.

२३ नोव्हेंबर

असतो. पण आमच्या कुकरची शिट्टी शेवटाला चिरकती. रबर गेलंय. रुख्मिणी वर्षभर म्हणतीय बदला, बदला.

२५ नोव्हेंबर

बन्सीधरकडं गेलतो. सरळ म्हणाला की स्टुडिओतल्यापेक्षा तुमच्या ट्रायलमधी जोश जास्त होता, भागवत आन त्याच्यासोबतची पोरं बर्थडेसाठी मागायला आली, मी खाली बीट टाकून देऊन टाकली. माझं डोकंच फिरलं. म्हणलं, माझ्या लेकीचं नाव हाय त्यात! तो गार पडला. त्याला खरंच माहीत नव्हतं, तो तिला लहानपणापासून बेबीच म्हणतो. मग खाली बघत म्हणाला, गोपीभाऊ, मला काय माहीत, असल्या गाण्यात कुणी स्वतःच्या लेकीचं नाव घालत असंल.

बसत होतं म्हून घातलं हो. दुसरं काय न्हाई. देवाशपथ दुसरं काय न्हाई.

गाणं ताबडतोब काढून टाकायचं ठरलं. ताबडतोब म्हंजी लग्नसराई झाली की. तारखा दिल्यात, लोकांना शब्द दिलाय, आन माझ्यावर टेम्पोवाला, ढोलकीवाला अशी सगळी पार्टी अवलंबून हाय. तोवर एक काम केलं. प्रायश्चित्ताचं गाणं लिहायला घेतलं. 'ताई माझी शिकू द्या'. यातबी नावाची जागा ठेवलीय, ज्याला त्याला आपल्या बहिणीचं नाव घालता येईल.

२९ नोव्हेंबर

'ताई माझी शिकू द्या' सोडलं. रुख्मिणीनं ऐकलं. मी ऐकलं. बन्सीधर म्हणतो त्यानं ऐकलं. एकानं खाली अंगठा दाखवलाय, तो आक्काचा असावा. बहिणीचं नाव कुणीच घातलं न्हाई.

३० नोव्हेंबर

आक्काचा फोन. पोरीचं नाव रस्त्यावर आलंय, आता लांबवू नका, माझ्या नजरेत एक स्थळ हाय, पोराकडं ट्रॅक्टर हाय. मी म्हणलं, आक्का, ती अजून लहान हाय, तिला डॉक्टर व्हायचंय. आक्का म्हणाली, डॉक्टर व्हायला आधी कॉलेजला जावं लागतंय, जाती का ती?

रुख्मिणीनं मग सगळं सांगितलं. शेतातल्या वाटेवरबी पोरं पोचली. अपेक्षानं परत जाणं बंद केलंय. चाचणी परीक्षा बुडली. प्रॅक्टिकल बुडलं तर वर्ष गेलं. आन हे सगळं घरात माहीत होतं, मला कुणी सांगितलं न्हाई. तुमी तुमच्या गाण्याच्या खुशीत होतात, असं रुख्मिणी म्हणाली, आन रडायला लागली.

आक्काला मी स्पष्ट शब्दात उत्तर दिलं. म्हणलं, बघू.

लय वाईट वाटायलंय. ओवा खाऊनबी जाईना, म्हंजी हे पोटाचं न्हाई.

२ डिसेंबर

निर्णय झाला! उद्या प्रॅक्टिकल हाय. मी स्वतः फाट्यावर जाणार. अपेक्षासमोर बसून म्हणलं, तू फाट्यावरूनच बस पकडायची, ताठ मानेनं, मी हाय. पप्पा, नक्की? असं तिनं विचारलं. नक्की म्हणलं. मग आत जाऊन पांढरा अॅप्रन इस्त्री केला तिनं. किती दिवसांनी तिला काहीतरी गुणगुणताना ऐकलं. माझं गाणं नव्हतं.

आरशासमोर तयारी केली. खबरदार! हे पहिलं वाक्य. दुसरं, तुमच्या घरात आयाबहिणी न्हाईत का. तिसऱ्या वाक्याला भागवतच्या कानाखाली. पांढरा शर्ट घालणार. काठी घेणार. तंबाखूला हात लावणार न्हाई.

३ डिसेंबर, दुपार

लिहावंसं वाटत न्हाई. पण खोटं लिहायचं न्हाई एवढा एकच संकल्प उरलाय.

अपेक्षाला घेऊन फाट्यावर गेलो. पोरं होती. भागवत होता, मोटारसायकलवर, डब्याएवढा स्पीकर. खबरदार म्हणायला तोंड उघडलं तर सगळी पाया पडायला वाकली. सर आले, सर आले. एकानं काठी हातातून काढून घेतली, आदरानं, आन बाजूला उभी केली. एकानं चहा आणला. मी चहा घेतला न्हाई. अर्धा घेतला.

मग म्हणलं. नीट म्हणलं, आवाज चढवून. भागवत, ही पोरगी माझी लेक हाय, तिच्या नावानं हे गाणं वाजवतोस, लाज वाटत न्हाई? पोरगं घाबरलं न्हाई, उलट त्याला नवल वाटलं. म्हणाला, सर, आमाला माहीत हाय की ती तुमची हाय. तुमच्याच आवाजात हाय ना ते. बापच म्हणायलाय तर बापाला चालत असंल, असं वाटलं आमाला.

मस्करी करत नव्हता तो. तोंडाकडं बघितलं मी. खरंच तसं वाटलं होतं त्याला.

तेवढ्यात दुसऱ्या पोरानं मोबाईल माझ्यावर धरला, सर एकदाच, सर फक्त स्टेप. मी न्हाई म्हणलं. सगळे एकदम हसले, न्हाई म्हंजी हाय! आन स्पीकर लावला. ठसका. शिट्टी. टाळ्या पडायला लागल्या. एवढी वर्षं टाळी पडली की माझा हात उठतो, ते काय आजचं न्हाई. मनगट धरलं. ओढलं.

डोळे उघडले तर निळी बस समोर उभी. खिडक्यांतून सगळ्या पोरी बघत होत्या. अपेक्षा बसच्या दारात, एक पाय पायरीवर, पांढरा अॅप्रन हातावर घडी करून. मागं वळून बघत होती. माझा उजवा हात अजून डाव्या मनगटावरच होता.

ती आत गेली. बस गेली.

पोरांनी काठी आदरानं परत आणून दिली.

४ डिसेंबर

प्रॅक्टिकल दिलं तिनं. चांगलं गेलं, असं रुख्मिणीला सांगितलं. माझ्याशी बोलत न्हाई. ते माझ्या मनगटाचे व्हिडिओ सगळीकडं फिरायलेत, खाली लोकांनी लिहिलंय, बाप असावा तर असा.

संध्याकाळी एकच प्रश्न विचारला तिनं. माझंच नाव कामून घातलं?

बसत होतं म्हून, असं म्हणलं. खरं होतं ते. ती बरं म्हणाली आन ताटं घ्यायला गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बन्सीधरला फोन करून गाणं काढून टाकायला लावलं. लग्नसराई गेली खड्ड्यात. त्यानं लगेच काढलं. मग म्हणाला, भाऊ, आपलं काढलं, पण लोकांनी उतरवून घेतलेली किती हायत त्याचा काय हिशोबच न्हाई.

११ डिसेंबर

पेडगावातलंच लग्न होतं, भगवानरावांच्या पुतणीचं, सोडता येईना. तिथं मी शब्द बदलून म्हणलं, तुझं न्हाई म्हंजी न्हाई गं, न्हाई म्हंजी न्हाई. समाजप्रबोधन. सगळा मांडव ओरडला, हाय! मला वाटलं त्यांना ऐकू आलं न्हाई, म्हून परत म्हणलं. परत ओरडले. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, गोपीचंद, स्वतःचंच गाणं विसरायलास, वय झालं आता. नवरी स्टेजवर खाली मान घालून बसली होती. तिचं नाव मी घातलं न्हाई. पब्लिकनंच घातलं.

१५ डिसेंबर

अपेक्षा परभणीला पोरींच्या हॉस्टेलला गेली. प्रियदर्शनी मॅडमनी सगळं बघितलं, तिनं स्वतःच जाऊन त्यांना गाठलं होतं. आक्काला फोन करून सांगितलं की स्थळ बंद, मी पोरीला शिकायला बाहेर ठेवलंय. मीच ठेवलंय असं सांगितलं. मॅडमचं नाव घेतलं न्हाई.

ट्रंक टेम्पोत ठेवायला गेलो तर तिनं टेम्पोला नको म्हणलं. त्याच्यावर माझं नाव हाय. मॅडमच्या गाडीत गेली.

घरात आता नाव घ्यायची अडचण न्हाई. हाक मारायला कुणी न्हाईच.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन हॉस्टेलवर गेलतो. गेटवर एक बाई बसल्या होत्या. कुणाला भेटायचं? लेकीला. नाव काय?

तोंड उघडलं. नाव आलंबी, पण त्याच्या मागं पुढचे सगळे शब्द रांगेत उभे, एक बाहेर काढला की बाकीचे पडणार. मिटलं तोंड. अकरावी सायन्सची, पेडगावची, एवढंच म्हणलं. बापाला लेकीचं नाव येत न्हाई का, असं बाई म्हणाल्या. मी तिळगुळाचा डबा या हातातून त्या हातात केला.

आली ती. वाळलीय जरा, पण डोळे चांगले दिसले. हातावर शाईचे डाग. तिळगूळ घेतला, पाया पडली, पेशीवरचं काहीतरी शिकवायलेत म्हणाली. मी मान डोलावली. आई वाट बघायलीय, दोन दिवस घरी चल म्हणलं.

न्हाई म्हणाली.

मी जरा थांबलो. तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, अजून काय म्हणती का. काय म्हणाली न्हाई. न्हाई म्हणाली होती, म्हंजी न्हाई. बरं म्हणलं आन निघालो.

यष्टीत शेजारी एक कॉलेजचं पोरगं बसलं. चांगल्या घरचं, अदबीनं सरकून जागा दिली. मोबाईल लावला त्यानं. ठसका. शिट्टी. माझं पेडगावचं तिकीट बघून म्हणाला, काका, हे म्हणणारा तुमच्याच गावचा हाय म्हणे, वळखता का?

न्हाई म्हणलं.

पोरगं खुदकन हसलं, न्हाई म्हंजी हाय! आन माझं मनगट धरून असं ओढलं की मी सीटवर वाकडाच झालो. सोड म्हणलं. ते आणखी हसलं. सोड बाबा, खरंच सोड, म्हणलं. पुढच्या मागच्या सीटवरचेबी हसायला लागले. मी सोड म्हणत होतो आन गाडीत एकालाबी ते खरं वाटंना. फाटा आला तवा सुटलं.

घरी येऊन लिहायलोय. मनगट सुजलंय. रुख्मिणीला दारात अडकलं म्हणून सांगितलं.

तंबाखू आजपासून बंद. मळायला हातच चालंना.